प्रयोग आणि उपसंहार

दिवाळीच्या सुट्टीत भाचा धर्मापुरीला आला की त्याचे पहिले दोन दिवस केदारेश्वराच्या देवळात आणि किल्ल्याच्या तटावर जातात. चालुक्यांच्या काळातले हे देऊळ, बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी. लहानपणी मीही तिथेच हुंदडलो, म्हणून त्याला कोणी अडवत नाही. या वेळी मात्र तिसऱ्या दिवशी त्याने ओसरीवर लॅपटॉप उघडला आणि एका खेळाचे नियम शिकायला बसला. खेळाचे नाव ‘बाल्डर्स गेट ३’. बेल्जियममधल्या लॅरियन स्टुडिओने तो २०२३ साली आणला. त्याचे नियम मात्र त्याहून बरेच जुने आहेत. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ छापला, त्याच्या पाचव्या आवृत्तीचे नियम या पडद्यावरच्या खेळाने घेतले आहेत.

“मामा, स्पेल म्हणजे मंत्रच ना?” त्याने विचारले. मी “हो” म्हणालो. ते उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते, आणि भाषा शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला अपुरे उत्तर स्वस्थ बसू देत नाही. पुढचे चार दिवस तो नियम शिकत होता आणि मी त्याच्या शेजारी बसून शब्द उलगडत होतो.

इंग्रजीतला ‘स्पेल’ मुळात अगदी साधा शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ बोलणे, सांगणे, गोष्ट. ‘गॉस्पेल’मध्ये तोच दडला आहे, त्याचा मूळ अर्थ चांगली वार्ता. शाळेत ज्या ‘स्पेलिंग’च्या चुकांसाठी आपण हातावर छड्या खाल्ल्या, ते स्पेलिंगही याच घराण्यातले. ‘ग्रामर’ या शब्दाचे तर त्याहून नवल. स्कॉटलंडच्या बोलीत त्याचाच उच्चार पालटून ‘ग्लॅमर’ झाला आणि तिथे त्याचा अर्थ होता नजरबंदी, डोळ्यांवर टाकलेली भूल. व्याकरणातून भूल कशी निघाली? ज्या काळी गावात एखाद्यालाच वाचता येई, त्या काळी पोथीतली काळी अक्षरे बघून बोलणारा माणूस बाकीच्यांना मांत्रिकच वाटणार.

आपला ‘मंत्र’ वेगळ्या वाटेने आला. ‘मन्’ म्हणजे विचार करणे, आणि ‘त्र’ हा साधन दाखवणारा प्रत्यय. ज्याने नेले जाते ते नेत्र, ज्यातून प्यायचे ते पात्र, जे नेसायचे ते वस्त्र, तसा ज्याने मनन करायचे तो मंत्र. इंग्रजी शब्दाने तोंडाकडे पाहिले, आपल्या शब्दाने मनाकडे. म्हणूनच मंत्राच्या गोतावळ्यात जादूपेक्षा विचारविनिमयच जास्त आढळतो. मंत्रणा म्हणजे सल्लामसलत, मंत्री म्हणजे सल्ला देणारा, आमंत्रण आणि निमंत्रण म्हणजे कोणाला तरी उद्देशून बोलणे. मुंबईतले मंत्रालय आणि मांत्रिकाची झोपडी ही एकाच धातूची दोन घरे. मराठीने तर या शब्दाचे क्रियापदही करून टाकले, मंतरणे. पाणी मंतरतात, दोरा मंतरतात, आणि तरुणपणीचे काही दिवस आपसूक मंतरलेले असतात.

मंत्राची दोन भावंडे, तंत्र आणि यंत्र, हीही ‘त्र’वालीच. तंत्र ‘तन्’ म्हणजे ताणणे यावरून आले. मूळ अर्थ माग, मागावर ताणलेले सूत. तंतू त्याचाच भाऊ. यंत्र ‘यम्’ म्हणजे आवरणे, धरून ठेवणे यावरून आले. म्हणून तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून देव्हाऱ्यात ठेवतात तेही यंत्र आणि विहिरीवर पाणी ओढते तेही यंत्र. भाच्याच्या मांडीवरचा लॅपटॉप या तिघांची बेरीजच होता. यंत्र समोर, तंत्रज्ञान आत, आणि पडद्यावर मंत्र.

“पण कास्ट करायला काय म्हणायचं?” हा त्याचा दुसरा प्रश्न. बोलताना आपण मंत्र म्हणतो, जपतो, घालतो, फुंकतो. पण शास्त्राचा शब्द आहे ‘प्रयोग’. ‘युज्’ म्हणजे जोडणे, जुंपणे. प्रयोग म्हणजे जे हाताशी आहे ते कामाला जुंपणे. या एका शब्दावर मराठीने किती भार टाकला आहे! नाटकाचा प्रयोग असतो, प्रयोगशाळेत प्रयोग असतो, मांत्रिकाचा प्रयोग असतो आणि व्याकरणात कर्तरी, कर्मणी, भावे असे प्रयोग असतात. इंग्रजीत ग्रामरमधून ग्लॅमर निघाले म्हणून आपण नवल करतो. आपल्याकडे व्याकरण आणि जादू आजही एकाच शब्दात शेजार करून राहतात. आणि ते योग्यच आहे. नट, शास्त्रज्ञ, मांत्रिक आणि वाक्य जुळवणारे पोर, चौघेही नियमाने जोडणी करतात. जोडणी चुकली की प्रयोग फसतो.

भाच्याचा खेळ ज्या नियमांवर बेतला आहे, त्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये मंत्राच्या प्रयोगाला तीन गोष्टी लागू शकतात. आवाज, हाताची खूण आणि एखादी वस्तू. शत्रूने निःशब्दतेचे जाळे टाकले की आवाजाचे मंत्र बंद पडतात. हे ऐकताना मला आपली मांडणी आठवली. मंत्राचा उच्चार, मुद्रा किंवा न्यास, आणि द्रव्य. संध्या करणारा माणूस करन्यास, अंगन्यास करतो, म्हणजे बोटांवर, हृदयावर, मस्तकावर मंत्र ‘ठेवतो’. न्यास म्हणजे ठेवणे. विश्वस्तांच्या हाती ठेवलेली देवस्थानची मालमत्ता, तोही न्यासच. अमेरिकेतल्या एका तळघरात खेळ रचणाऱ्यांनी पूजेची पोथी चाळली असेल असे नव्हे. पण शब्दाला शक्ती येते म्हटले की तोंड, हात आणि वस्तू या तिघांची साक्ष लागते, असे माणसाला सगळीकडेच वाटत आले आहे.

चौथ्या नियमाशी तो अडला. काही मंत्र एकदा सोडून भागत नाही, ते मनाने धरून ठेवावे लागतात. असा एका वेळी एकच मंत्र धरता येतो. धरलेला असताना वार बसला तर फासा टाकून बघायचे, मन टिकले की मंत्र टिकला, नाहीतर गेला. त्याला हे ‘कॉन्सन्ट्रेशन’ कळत होते, पण का असे, ते कळत नव्हते. मी त्याला ‘अवधान’ हा शब्द दिला. कीर्तनकार श्रोत्यांकडे मागतो ते अवधान. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागितले तेही हेच. ‘धा’ म्हणजे ठेवणे. मन एका जागी ठेवणे ते अवधान, मध्ये काही आडवे ठेवणे ते व्यवधान, आणि बाण दोरीवर नीट ठेवणे ते शरसंधान. धनुर्धराचे संधान आणि श्रोत्याचे अवधान एकाच धातूचे, हे एकदा ध्यानात आले की नियम पाठ करावा लागत नाही. वार म्हणजे व्यवधान, आणि व्यवधान आले की अवधान सुटणारच. भाचा लगेच म्हणाला, “आणि समाधान?” तेही ‘धा’चेच, सगळे नीट एकत्र ठेवले गेल्यावर जे होते ते.

लढाईच्या शब्दांत आपली भाषा फार काटेकोर आहे. शस्त्र आणि अस्त्र यांना आपण आता जोडीने उच्चारतो, जणू एकच. पण ‘शस्’ म्हणजे कापणे, त्यावरून शस्त्र, हातात धरून चालवायचे. ‘अस्’ म्हणजे फेकणे, त्यावरून अस्त्र, सोडायचे. अग्निपुराणातल्या धनुर्वेदात याहून बारीक वाटणी आहे. यंत्राने सोडायचे ते यंत्रमुक्त, हाताने फेकायचे ते पाणिमुक्त, फेकून परत घ्यायचे ते मुक्तसंधारित, हातातच ठेवायचे ते अमुक्त, आणि काहीच नसले तर बाहुयुद्ध. भाच्याच्या खेळातली हत्यारांची यादी या पाच खणांत जवळजवळ जशीच्या तशी बसली. भारताच्या हवाई दलाच्या क्षेपणास्त्राचे नाव ‘अस्त्र’ आहे, ते व्याकरणाच्या दृष्टीने अचूक आहे. उलट ‘क्षेपणास्त्र’ या शब्दात फेकणे दोनदा आले आहे.

बचावाचा शब्द चिलखत. तो फारसी ‘चिहल-कद’वरून आला असे मानतात. चिहल म्हणजे चाळीस. अनेक घड्यांचा, पदरांचा अंगरखा, म्हणून चाळीस. दर्ग्यात चाळीस दिवस एकांतात बसतात त्या ‘चिल्ल्या’तही तोच आकडा आहे. अंगाचे रक्षण आणि मनाची साधना, दोन्हींना चाळीसच लागले.

मूर्तीच्या हातातली आयुधे हाही आपल्याकडचा एक नियमच आहे. शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधे विष्णूच्या चार हातांत चोवीस प्रकारे ठेवता येतात, आणि प्रत्येक क्रमाला स्वतंत्र नाव आहे. केशव, नारायण, माधव अशी संध्येतली चोवीस नावे ती हीच. आयुधे तीच, हात तेच, क्रम बदलला की देवाचे नाव बदलले. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो बोटांवर चार गुणिले तीन गुणिले दोन करून खात्री करत बसला.

आता फासा. या खेळात वीस बाजूंचा फासा पडद्यावर घरंगळतो आणि वार लागला की चुकला, ते ठरते. आलेला आकडा आणि आपले कसब मिळून शत्रूच्या चिलखताच्या आकड्याला गाठले पाहिजे. सारीपाटावर आपण याला ‘दान’ म्हणतो. दान टाकतो आपण, पण ते ‘पडते’, आणि पडते तेव्हा ते कोणीतरी दिलेले असते. ‘मनासारखे दान पडले’ या बोलण्यात कर्तृत्व आणि दैव यांचा वाटा भाषेनेच ठरवून दिला आहे. वेदकाळी फासे बेहड्याच्या फळांचे असत. कृत, त्रेता, द्वापर, कली ही त्या खेळातल्या दानांची नावे होती, युगांना ती पुढे चिकटली. वाईट दानालाच आपण वाईट काळ म्हणू लागलो.

नियम शिकण्याची सर्वांत सुंदर गोष्ट महाभारताच्या वनपर्वात आहे. द्यूतात सर्वस्व हरलेला नळ राजा ऋतुपर्णाचा सारथी झाला होता. वाटेत ऋतुपर्णाने एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नुसत्या नजरेने मोजून सांगितली. नळाने रथ थांबवून ती मोजली, आकडा बरोबर निघाला. मग दोघांनी विद्येची अदलाबदल केली. नळाने अश्वहृदय दिले, ऋतुपर्णाने अक्षहृदय. फाशांच्या विद्येला ‘हृदय’ हा शब्द वापरणाऱ्या भाषेचे मला फार कौतुक वाटते. नियम पाठ असणे वेगळे, आणि त्याचे हृदय कळणे वेगळे.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या जुन्या आवृत्त्यांत एक चमत्कारिक नियम होता. मांत्रिकाने सकाळी मंत्र पाठ करायचा, आणि एकदा वापरला की तो स्मरणातून पुसला जायचा. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५०च्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातून घेतली होती. आताच्या नियमांत मंत्र विसरत नाहीत. मंत्राचे खण ठरलेले असतात, ते संपले की रात्रीचा मुक्काम करावा लागतो. भाच्याला जुना नियम अन्यायाचा वाटला. मी त्याला कर्णाची आठवण करून दिली. परशुरामांचा शाप होता की ऐन वेळी ब्रह्मास्त्र आठवणार नाही. आणि इंद्राने दिलेली शक्ती एकदाच वापरता येणार होती. ती कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवली होती, पण चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचापुढे कौरवसेना फुटू लागली आणि ती त्याच्यावर खर्ची पडली. “एकच खण होता, तो गेला,” मी म्हणालो. भाचा गप्प झाला. कर्णाचे दुःख त्याला त्या क्षणी, त्याच्या खेळाच्या भाषेत, पुरते कळले असावे.

आमची आई हे सगळे लांबून बघत होती. “खेळायलास का भांडायलास रे?” असे तिने एकदा विचारलेही. चौथ्या संध्याकाळी पडद्यावर जंगलातली एक म्हातारी आली. “ही कोण? चेटकीण का?” आईने विचारले.

चेटूक या शब्दाचे नाते संस्कृतातल्या ‘चेटक’शी जोडतात. चेटक म्हणजे नोकर, चाकर. ज्याच्या सेवेला अदृश्य चाकर आहे तो चेटूक करणारा. गंमत अशी की भाच्याच्या खेळात मांत्रिकाने बोलावलेल्या लहानग्या सेवक प्राण्याला ‘फॅमिलियर’ म्हणतात, आणि त्या शब्दाच्या तळाशी लॅटिनमधला ‘फॅम्युलस’ आहे. त्याचाही अर्थ चाकरच. ‘जादू’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, पण तो पाहुणा नव्हे, परतलेला भाऊबंद. वेदांत ‘यातु’ म्हणजे अभिचार, आणि तो करणारा यातुधान. इराणात त्याच शब्दाचे जादू झाले. ‘गारूड’ तर उलटी चाल चालले. गरुड सापांचा वैरी, म्हणून विष उतरवणारा तो गारुड मंत्र. आज एखाद्या आवाजाने मनावर गारूड केले असे म्हणतो, म्हणजे जे विष उतरवत होते तेच आता चढते.

पण आईच्या डोळ्यांसमोर हे शब्द नव्हते. तिच्या माहेरी एका बाईवर ‘करणी करते’ असा ठपका आला होता. “तिच्या हातचं पाणी बी कुणी घेत नव्हतं. मरेपर्यंत,” एवढेच ती बोलली. करणी म्हणजे केलेले काम, दुसरे काही नाही. किती निरुपद्रवी शब्द, आणि माणसाच्या गळ्यात त्याचा केवढा धोंडा! हिंदीत भानमती ही हातचलाखी करणारी जादूगारीण आहे. आमच्या मराठवाड्यात ‘भानामती’ म्हणताच घराघरांतल्या बायका भेदरत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी या भीतीशी वर्षानुवर्षे झुंज घेतली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. माझ्या मते तो कायदा एका अर्थी भाषेविषयीही आहे. माणसावर सोडलेल्या शब्दाची जबाबदारी सोडणाऱ्यावर टाकणारा.

भाच्याच्या खेळात एक मंत्र आहे, शत्रूचा मंत्र पुरा होण्याआधीच मोडून काढणारा. त्याने मराठी शब्द मागितला तेव्हा आईनेच दिला, “उतारा.” माझ्या मनात त्याहून चांगला शब्द नव्हता. उतरणे यावरून उतारा. डोंगराचा उतार, पुस्तकातला उतारा, तलाठ्याकडचा सातबाराचा उतारा आणि विषावरचा उतारा. विंचू ‘उतरवणारे’ आमच्या लहानपणी गावोगाव होते. त्या शब्दाला खरा अर्थ दिला तो जालना जिल्ह्यात जन्मलेल्या आणि महाडला रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडते हे त्यांनी दाखवले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज साप चावला की धर्मापुरीची माणसे अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्याचा रस्ता धरतात, तिथे प्रतिविष टोचतात. मंत्राचा प्रयोग मागे पडला, प्रयोगशाळेतला प्रयोग पुढे आला, पण ‘उतारा’ हा शब्द जागचा हलला नाही. फक्त आता तो खरा झाला.

निघायच्या आदल्या रात्री भाच्याने आगीची भिंत उभी केली. हा धरून ठेवायचा मंत्र. शत्रू पलीकडे अडकले, पण त्याचा एक सोबतीही आगीतच राहिला. त्याचा जीव आकड्या-आकड्याने उतरू लागला. भाच्याने क्षणभर पडद्याकडे पाहिले आणि एका कोपऱ्यातली खूण दाबली. अवधान सुटले, भिंत विझली. शत्रूही सुटले, पण सोबती वाचला.

मला सौप्तिकपर्वातला तो प्रसंग आठवला. अश्वत्थामा आणि अर्जुन, दोघांनी ब्रह्मशिर अस्त्रे सोडली. ऋषी मध्ये उभे राहिले आणि दोघांना ती आवरायला सांगितली. अर्जुनाने आपले मागे घेतले. अश्वत्थाम्याला सोडता येत होते, घेता येत नव्हते. त्याचे अस्त्र पांडवांच्या सुनेच्या गर्भावर जाऊन पडले. अस्त्रविद्येत सोडण्याला प्रयोग म्हणतात, आणि मागे घेण्यालाही शब्द आहे. ‘हृ’ म्हणजे नेणे, आणणे. प्र लावला की प्रहार होतो, आणि उप व सम् लावले की त्याच धातूतून सोडलेले गोळा करून जवळ आणणारा शब्द तयार होतो. प्रहार करायला जो धातू लागतो, तोच तो आवरायलाही लागतो. आईच्या माहेरच्या त्या बाईवर गावाने प्रयोग केला होता. मागे घेण्याची विद्या गावात कोणालाच आली नाही.

“आत्ता केलंस ना,” मी भाच्याला म्हणालो, “त्याला उपसंहार म्हणतात.”

“निबंधाच्या शेवटी असतो तो?”

“तोच.”

त्याने वहीत नियमांच्या खाली शब्द लिहून घेतला. स्पेलपुढे मंत्र, कास्टपुढे प्रयोग, काउंटरस्पेलपुढे उतारा. आणि सगळ्यांच्या शेवटी, जरा मोठ्या अक्षरात, उपसंहार.